पाटीवरचा रानपिंगळा

आमच्या ह्यांना पक्ष्यांमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांच्या लेखी पक्षी दोनच प्रकारचे, कावळे आणि कावळे नसलेले. अशा माणसाने माझी चार वर्षांची अब्रू एका वाक्यात घालवावी, हे मला अजूनही पचत नाही.

झालं असं. हुडकेश्वरच्या आमच्या कॉलनीतल्या बायकांनी ठरवलं, की या वेळच्या हळदीकुंकवाला वाण-बिण राहू द्या, ताईंनी जंगलातले फोटो दाखवावेत. मी तर काय, एका पायावर तयार. रविवारी दुपारी जेवणं झाली आणि ह्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, यंत्राची भीती नाही. मी फोटो निवडत होते, हे त्यांचा उजेड कमीजास्त करत होते. मग माझा सगळ्यात लाडका फोटो आला. सातपुड्याच्या डोंगरात, आमच्या राष्ट्रीय उद्यानात, मी स्वतः ओळखलेला आणि स्वतः नोंदवलेला रानपिंगळा.

हे म्हणाले, "फारच काळा आला वं तुझा पक्षी. सूर्य मागं होता काय? थांब, उजळवतो."

त्यांनी उजेड वाढवला. फांदीवरची काळी सावली हळूहळू तपकिरी झाली. डोळे दिसायला लागले, चोच दिसायला लागली. आणि हे अगदी सहज म्हणाले, "अवं, याच्या डोक्यावर तांदूळ सांडले काय?"

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तांदूळच होते. डोक्यावर, पाठीवर, सगळीकडे पांढरे ठिपके.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पिंगळा म्हणजे छोटं घुबड, मुठीपेक्षा थोडं मोठं. साधा पिंगळा गावोगावी असतो. तुमच्या घरामागच्या चिंचेत असेल, मंदिराच्या कळसात असेल. रानपिंगळा त्याचाच डोंगरातला भाऊबंद, पण फार म्हणजे फार दुर्मीळ. पुष्कळ वर्षं लोकांना वाटत होतं की तो संपला, मग तो सातपुड्यात पुन्हा सापडला. दिसायला दोघे सारखेच. फरक असा, की साध्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात आणि रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. आणखी एक गोष्ट पुस्तकात दिलेली असते, की रानपिंगळा दिवसाउजेडी हिंडतो, शेंड्यावर बसून शेपटी हलवतो. माझा घात त्या गोष्टीनं केला.

"तांदूळ नाहीत," मी म्हटलं. "बंद करा लॅपटॉप."

"काहून? काय झालं?"

"बंद करा म्हटलं ना!"

चार वर्षांपूर्वी त्या उद्यानात पक्षीगणना होती. गटागटानं जायचं, दिसलेले पक्षी कागदावर लिहायचे, खाली गटप्रमुखानं सही करायची. आमच्या गटात आम्ही नागपूरचे सहाजण होतो आणि गटप्रमुख अर्थातच मी. मी रामदासपेठेतल्या एका कचेरीत आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासले आहेत. दुसऱ्याची चूक शोधणं हे माझं काम होतं आणि त्याचा मला पगार मिळत होता. त्यामुळे आपलं कधी चुकत नाही, असा एक समज अंगात मुरलेला असतो. निवृत्त झालं तरी तो काही निवृत्त होत नाही.

आमच्याबरोबर गाइड म्हणून तिथलीच एक कोरकू आदिवासी पोरगी दिली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, अंगात नवीन कोरा हिरवा शर्ट, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. तिचा पहिलाच दिवस होता. सकाळचे दहा वाजले असतील. एका वाळक्या झाडाच्या शेंड्यावर एक पिंगळा बसला होता, शेपटी हलवत, आमच्याकडे डोळे वटारून बघत. सूर्य बरोबर त्याच्या पाठीमागे. पण दिवस, डोंगर, शेंडा, हलणारी शेपटी! मी म्हटलं, रानपिंगळा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती पोरगी काहीतरी पुटपुटली आणि गप्प बसली. मी कागदावर लिहिलं आणि सही ठोकली. एवढंच मला आठवत होतं.

पुढे त्या नोंदीला पाय फुटले. तिच्या गावातल्या समितीनं त्या झाडापाशी एक पाटी लावली, "रानपिंगळा येथे दिसतो". झाडावर पिंगळ्याची जोडी कायमची राहायला होती, त्यामुळे पाटी कधी खोटी पडायची नाही. पर्यटकांच्या जिप्सी थांबायच्या, लोक फोटो काढायचे आणि खूश होऊन जायचे. ती पोरगीही तिथे आणून लोकांना दाखवायची. एक-दोन जाणकारांनी मला फोनवर शंका विचारली होती, नाही असं नाही. पण मी त्यांना असं झापलं, की पुन्हा कोणी विचारलं नाही. हे मला फार छान जमतं.

आणि आता हे तांदूळ.

खरं सांगते, मी ठरवलं होतं की गप्प बसायचं. एक पिंगळा इकडचा तिकडे झाला म्हणून काय डोंगर कोसळणार आहे? हळदीकुंकवात तो फोटो दाखवला नाही म्हणजे झालं. सोमवार असाच गेला. रात्री ह्यांना त्या ठिपक्यांचा अर्थ सांगितला, तर हे एवढंच म्हणाले, "मग त्या पाटीचं काय?" ते मला झोपेतही टोचत राहिलं.

मंगळवारी सकाळी मी भाजी निवडत होते. फोन वाजला, तो स्पीकरवर टाकला. तीच गाइड पोरगी होती.

गेल्या चार वर्षांत आमचं बोलणं वाढलं होतं. मी गेले की तिच्यासाठी सीताबर्डीवरून काहीबाही न्यायची, तिच्या मुलीला रंगीत खडू, तिला एक जुनी दुर्बीणही दिली होती. ती ताई ताई करायची. त्या दिवशी तिचा आवाज नुसता उड्या मारत होता.

"ताई, रानपिंगळ्याची मोठी मोजणी होऊन राहिली! बाहेरचे संशोधक आले. आमच्यातूनच माणसं घेऊन राहिले. बारा महिने काम हाय ताई, बारा महिने! म्या नाव देल्लं."

मला त्याचा अर्थ कळत होता. गाइडचं काम म्हणजे पर्यटक आले तर आले. होळी झाली की त्यांचं अर्धं गाव मजुरीला खाली मैदानात उतरतं, अमरावतीकडे, अकोल्याकडे. ती आणि तिचा नवरा दरवर्षी जायचे, मुलीला घेऊन. पोरीची शाळा अर्धी इकडे, अर्धी कुठेच नाही. पोरगी तिसरीत होती आणि तिला धड वाचता येत नव्हतं. बारा महिन्यांचं काम मिळालं तर हिला गाव सोडावं लागणार नव्हतं.

"परीक्षा शुक्रवारी हाय," ती म्हणाली. "आधी फोटो दाखवतीन, मग जंगलात नेतीन. साधा कोणता, रान कोणता, ते सांगा लागते. मले भेव नाही ताई. तुमीच तं शिकवलं मले. दिवसा दिसला तो रानपिंगळा."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात फोन कटला. तिच्या गावात रेंज असतेच असं नाही. मी परत लावला, लागला नाही. मग लागला, तर मीच ठेवून दिला. हिंमतच झाली नाही. बाप्पा, काय सांगणार होते मी? की तुला जे शिकवलं ते उलटं होतं?

हे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग?" हे म्हणाले.

"मग काय मग? जावं लागेल."

"फोनवर नाही सांगता येत?"

"नाही."

"माफी मागायला इतका लांबचा घाट चढणारी बाई मी पहिल्यांदा पाहून राहिलो," हे म्हणाले. पण बुधवारी गाडीत हवा भरून आले, पाण्याचा कॅन भरला आणि गुरुवारी पहाटे मला उठवलं ते त्यांनीच.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. अमरावतीच्या पुढे एका धाब्यावर पोहे आणि तर्री घेतली, मला ती गोड लागत होती की तिखट, कळलं नाही. घाट सुरू झाला. सागाची पानं पिवळी पडून गळायला लागली होती, डोंगराच्या आतलं दिसायला लागलं होतं. एरवी मी ह्यांना दर दहा मिनिटांनी गाडी थांबवायला लावते. त्या दिवशी एकदाही नाही.

तिच्या घरी पोचलो तेव्हा ती अंगण सारवत होती. आम्हाला बघून हात धुऊन धावत आली. "आता कशा काय आल्या ताई? परीक्षेसाठी आल्या काय माह्या?" तिनं बाज टाकली, पाणी आणलं. मी पाणीसुद्धा प्यायले नाही. तयार केलेली सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, तो फोटो उघडला आणि तिच्यासमोर ठेवला.

"बघ," मी म्हटलं. "माझं चुकलं. हा साधा आहे."

तिनं फोटो पाहिला. फार वेळ नाही. वर मान करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "साधाच हाय."

"मला वाटलं दिवसा दिसला म्हणजे..."

"म्या सांगतलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी म्या सांगतलं होतं. ताई, हा साधा हाय, आमच्या घरामागं बसते तसाच हाय, थंडीत साधाबी उन्हात बसते. तुमी काय म्हटलं, आठवते काय?"

मला आठवत नव्हतं. देवाशपथ आठवत नव्हतं.

"तुमी म्हटलं, चला, आता ही माझी शिकवणी घेणार! अन् सगळे हासले. तुमीबी हासल्या."

आणि मग आठवलं. तिची मान खाली गेलेली आठवली, नव्या शर्टाच्या बाहीशी चाळा करणारी बोटं आठवली. मी ते चार वर्षं कुठे टाकून दिलं होतं कुणास ठाऊक. वाटलं, ही बाज आत्ता मोडावी आणि मी जमिनीत जावं.

"चार वर्सं, ताई," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मले वाटलं माहेच डोळे खराब हाय. म्या लहानपणापासून पाहून राहिली ते सारं खोटं अन् पुस्तकातलं खरं. मंग म्या पाहणंच सोडलं. कोनताबी पिंगळा दिसला, का आधी घड्याळ पाहे. दिवस हाय? मंग रान. उद्या तसंच सांगणार होती मी."

मी म्हटलं, "म्हणून तर आले."

"हो. आल्या," ती म्हणाली आणि घागर उचलून पाण्याला निघून गेली.

आम्ही दोघं अंगणात बसून राहिलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, तो कुणावर ते कळत नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, चला, परत जाऊ. हे म्हणाले, "बस चुपचाप. तुले शिव्या द्यायचा हक्क आहे तिले, तेवढा तं देऊ दे." आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांचं ऐकलं.

ती परत आली, घागर ठेवली. चूल पेटवली, चहा ठेवला. चहाचे कप आमच्या हातात दिले आणि स्वतः माझ्यासमोर मांडी घालून बसली. हातात तिचा मोबाइल होता.

"चार वर्सांत म्या जेवढे पिंगळे पाहिले त्याइचे फोटो हाय यात," ती म्हणाली. "दुर्बिणीले मोबाइल लावून काढेल हाय, जसे आले तसे. आता मी एकेक सांगते. तुमी बोलायचं नाही."

"चुकलं तरी?"

"चुकलं तरी. तुमी नुसतं आइका."

मी सांगते, कचेरीतल्या इतक्या वर्षांत मला इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं. ती एक फोटो काढायची, मोठा करायची, डोकं बघायची, पाय बघायची, छाती बघायची. "साधा." मग पुढचा. "साधा." मग एकावर अडली. पाहत राहिली. माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर आलं होतं. ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी चहाचा कप तोंडाला लावला, तो कधीचा रिकामा झाला होता. "साधा," ती शेवटी म्हणाली. "पिल्लू हाय, म्हणून ठिपके बारीक." बरोबर होतं. मला पिल्लाचं सुचलंसुद्धा नव्हतं.

असे किती झाले कुणास ठाऊक. मग एक फोटो आला आणि तिचा हात थांबला, पण अडून नाही.

"हा वेगळा हाय," ती म्हणाली. "हा मले पह्यल्यापासूनच वेगळा वाटे. नाल्यापलीकडं राह्यते. डोकं पाहा, कोरं. पाय पाहा केवढे, अंगापेक्षा मोठे वाटतात. छाती अशी तपकिरी, भरलेली. बोलणंबी वेगळं याचं. पण तुमच्या हिशोबानं दिवसा दिसते म्हणून हाबी रानपिंगळा, अन् पाटीवालाबी रानपिंगळाच. मंग म्या विचार केला, असंन, एकाच जातीत दोन तऱ्हा असतीन. माणसात नसतात काय?"

मी बोलायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही. पण माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. या पोरीनं खरा रानपिंगळा केव्हाच वेगळा ओळखून ठेवला होता. फक्त त्याचं नाव मी आधीच दुसऱ्याला देऊन बसले होते, त्यामुळे तिच्याकडे त्याला द्यायला नावच उरलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हाच काय?" तिनं विचारलं.

मी तोंडावर बोट ठेवलं. तूच म्हणालीस ना, बोलायचं नाही.

ती पहिल्यांदा थोडीशी हसली. "हाच," ती स्वतःशीच म्हणाली.

निघताना मी तिला म्हटलं, मी उद्या सकाळी त्या संशोधकांना भेटते आणि सांगते की तुला सगळं येतं, चूक माझी होती. ती एकदम ताडकन उभी राहिली. "माह्यासाठी काही बोलू नका, ताई. तुमचं जे हाय ते तुमी सांगा. माहं मी सांगीन."

शुक्रवारी सकाळी मी तेच केलं. उद्यानाच्या फाटकाशी परीक्षेला आलेली सगळी मंडळी जमली होती, पंधरा-वीस तरी असतील, बहुतेक पुरुष. मोजणीची प्रमुख एक बाई होती, माझ्या भाचीच्या वयाची, उन्हानं रापलेली, टोपीवाली. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, की चार वर्षांपूर्वीची ती नोंद माझी आहे, ती चुकीची आहे, ती काढून टाका आणि ती पाटीही काढा. हा फोटो. गाइडनं त्या दिवशी बरोबर सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. कोणती गाइड, ते मी सांगितलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. कान नुसते जळत होते. त्या बाईनं फोटो पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, "बरं केलंत. चुकीची नोंद मागे घ्यायला लोक फारसे येत नाहीत." मग ती तिच्या कामाला लागली. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट दोन मिनिटांत आटोपली.

आम्ही फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो. फोटोंची परीक्षा झाली, मग एकेकाला जंगलात नेऊ लागले. तिचा नंबर आला, तिनं मागे वळून पाहिलं नाही. हे शेंगा सोलत होते आणि टरफलं माझ्या पदरात टाकत होते. मी ओरडलेसुद्धा नाही, इतकी माझी अवस्था वाईट होती. तिला पाठवलंय दिवसाउजेडी. समोर पिंगळा बसला असेल, उन्हात, शेपटी हलवत. चार वर्षांची सवय एका संध्याकाळीत जाते काय? मी माझंच पाहिलं ना, एवढ्या वयात माझी नाही गेली.

दुपारी निवड झालेल्यांची नावं वाचून दाखवली. पहिलं नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. दुसरंही. तिसरं तिचं. मी बाकावरून उठले ते टरफलं सगळीकडे सांडली.

ती आली, पण माझ्याकडे धावत-बिवत आली नाही. आधी नवऱ्याला फोन लावला. मग मुलीशी बोलली. "होळीले नाही जायचं, शाळेतच जायचं," एवढं मला ऐकू आलं. मग माझ्याजवळ आली आणि जरा अंतर ठेवून बसली.

"कुठे नेलं होतं?" मी विचारलं.

"पाटीपाशी."

"अवं माय!"

"त्याच झाडापाशी उभं केलं. वर दोघं बसले होते, उन्ह खात. बाजूले पाटी, एवढी मोठी. त्या बाईनं विचारलं, हा कोणता? म्या दुर्बीण लावली, डोकं पाहिलं, साधा म्हटलं. तिनं म्हटलं, पण दिवसा बसला हाय ना? म्या म्हटलं, बसू द्या. तिनं म्हटलं, अन् पाटी? म्या म्हटलं, पाटी चुकली."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. लिहून घेतलं." ती बाटलीतलं पाणी प्यायली. "तुमी आधी सांगतलं होतं तिले, तरी मले तिथंच नेलं. आइकलेलं सांगते का पाहून सांगते, तेच पाहा लागत असंन. भल्ली हुशार हाय ती बाई."

हे म्हणाले, "चला आता, जेवायचं पाहू." पण ती उठली आणि मला म्हणाली, "ताई, चालवते काय तुमाले थोडं? नाल्यापलीकडं?"

मी जागेचं वर्णन करणार नाही. घुबडांच्या जागा लिहायच्या नसतात, हे एक तरी शहाणपण माझ्याकडे आहे. उतार होता, दगड होते, ती पुढे आणि मी मागे, माझे गुडघे कुरकुरत होते. एरवी जंगलात मी पुढे असते. नाला कोरडा होता. पलीकडे ती हात वर करून थांबली. कुठे ते दाखवलं नाही, नाव सांगितलं नाही. मी आपली शोधत राहिले आणि मग मला दिसला. पानं झडलेल्या एका फांदीवर एक पिंगळा, भर दुपारी, मान फिरवून बघत. मी दुर्बीण लावली. डोळ्यांत पाणी आलं होतं की काच धूसर होती, मला डोकं धड दिसेना. ठिपके आहेत की नाहीत? पायही फांदीआड.

ती शांतपणे दुर्बिणीतून पाहत होती. मी वाट पाहिली. आयुष्यात मी इतकी वाट कुणाच्या बोलण्याची पाहिली नाही.

"रानपिंगळा," ती म्हणाली.

आणि काय सांगू, जन्माची खोड, माझ्या तोंडून निघूनच गेलं, "नक्की काय वं?"

तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. दुर्बीण डोळ्याला तशीच.

"मी सांगून राहिली ना," ती म्हणाली.